हरकाऱ्याच्या घुंगरांपासून बिनतारी यंत्रापर्यंत



सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक उभी राहते. परंतु ती कोठे व केव्हा चालवावयाची हा हुकूम वेळेवर पोहोचला नाही, तर बंदूक असून नसल्यासारखीच. म्हणून प्रत्येक फौजेत लढणाऱ्याइतकाच निरोप पोहोचविणाऱ्याचा मान राहिला आहे. आज या कामास सैनिकी दळणवळण म्हणतात आणि त्यात संगणकाचीही भर पडली आहे. ही विद्या आपणांस वाटते तितकी नवी नाही आणि परकीही नाही.

चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी महंमद तुघलकाच्या दरबारी आला. त्याने येथील डाकेचे वर्णन लिहून ठेवले आहे. एका मैलात पायी हरकाऱ्यांचे तीन टप्पे असत. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र व दुसऱ्या हातात तांब्याचे घुंगरू लावलेली काठी असे. घुंगरांचा आवाज ऐकताच पुढच्या टप्प्यावरचा गडी कंबर कसून तयार राही. सिंधहून दिल्लीस जावयास पन्नास दिवस लागत. डाकेने खबर पाच दिवसांत पोहोचे. वेग आणि सावधपणा हे या विद्येचे दोन पाय तेव्हाच ठरले होते.

आपल्या जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला आपण पाहिलाच असेल. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातील पाणी महाल पाहावयास लोक दुरून येतात. त्याच किल्ल्यातील उंच उपळ्या बुरुजावर चढून पाहा. चहूकडचा मुलूख नजरेत येतो. शत्रूची धूळ आधी दिसणे आणि ती खबर आत वेळेवर जाणे, यावर किल्ल्याची सुरक्षितता अवलंबून असे.

इंग्रजी अमदानीत तारायंत्र आले. १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार पडली. पुढे १५ फेब्रुवारी १९११ रोजी हिंदी फौजेत सिग्नल्सचे स्वतंत्र दल उभे राहिले. त्याचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ असे आहे. हरकाऱ्याचे तेच दोन गुण या दोन शब्दांत आले आहेत.

या विद्येत हिंमतीची कसोटी कशी लागते, हे नूर इनायत खान हिच्या चरित्रावरून कळते. तिचे वडील इनायत खान हे गायकवाडांच्या बडोद्यात १८८२ साली जन्मलेले सूफी गायक. घराणे टिपू सुलतानांच्या वंशाशी जोडलेले. दुसऱ्या महायुद्धात नूर इंग्लंडमध्ये बिनतारी संदेशाचे काम शिकली आणि जून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये गुप्तपणे उतरली. सोबतचे लोक पकडले गेले, परत येण्यास सांगण्यात आले, तरी ती पॅरिस सोडून गेली नाही. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घालण्यात आली. मरणोत्तर तिला जॉर्ज क्रॉस मिळाला. परंतु विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धाडलेल्या संदेशांच्या नकला तिने वहीत ठेवल्या होत्या. ती वही शत्रूच्या हाती पडली व तिच्या नावाने लंडनला खोटे संदेश गेले. त्यात इतरांचेही प्राण गेले. या कामात धैर्याइतकीच शिस्त लागते.

आता आपल्याच घरची गोष्ट. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि त्याच दिवशी नळदुर्ग त्यांच्या हाती आला. १७ तारखेस निजामांनी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. त्याआधी रझाकारांनी गावोगावी जुलूम केले होते. त्यानंतर निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले आहे. संस्थानाची फौज मोडली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. वर्दीविषयीचा संकोच कित्येक घरांत तेव्हापासून बसला. तो का बसला हे समजण्याजोगे आहे. पण तीन पिढ्यांनंतरही त्यापायी मुलांची वाट अडून राहावी काय, याचा विचार पालकांनी शांतपणे करावा.

उदाहरण दूरचे नाही. पुन्हा बडोद्याचेच आहे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या सोफिया कुरेशी १९९९ साली चेन्नईच्या अकादमीतून सिग्नल्स दलात अधिकारी झाल्या. मार्च २०१६ मध्ये पुण्यात अठरा राष्ट्रांचा लष्करी सराव झाला, त्यात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. अशा सरावात हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला अधिकारी. मे २०२५ मध्ये लष्कराच्या वतीने देशाला माहिती देताना साऱ्यांनी त्यांना पाहिले.

विद्यार्थी मित्रहो, या वाटेची पहिली पायरी शाळेतच आहे. गणित व भौतिकशास्त्र यांची भीती सोडा. बारावीला भौतिक, रसायन व गणित हे विषय घेऊन, जेईई मेन देऊन तांत्रिक प्रवेश योजनेतून अधिकारी होता येते. अभियांत्रिकीचे शिक्षण महू, पुणे वा सिकंदराबाद येथील लष्करी महाविद्यालयांत होते. महूचे महाविद्यालय तर दळणवळणाचेच. पदवीनंतरही दार बंद होत नाही. खडकवासल्याची परीक्षा २०२१ पासून मुलींनाही खुली झाली आहे. अग्निवीर भरतीची सेवा मात्र चार वर्षांची असते व पुढे चौथा हिस्सा, तोही जास्तीत जास्त, कायम होतो. हे घरी बसून आधीच नीट समजून घ्या. या काळात बिनतारी संच, प्रकाशतंतूची तार, उपग्रह व संगणकाचे जाळे सांभाळावयास जो शिकतो, त्याचे इल्म वर्दी उतरल्यावरही त्याच्याजवळ राहते.

पालकांस एवढेच सांगणे आहे. ज्याच्या हाती देशाचा निरोप सोपविला जातो, त्याच्यावर देशाने विश्वास टाकलेला असतो. तो विश्वास मिळविण्याइतकी तालीम मुलांना, आणि मुलींनाही, देणे आपल्या हाती आहे.