संघटनेचा हक्क आणि इंदूरचा गिरणीकामगार

इंदूर हे होळकरांचे शहर, तसेच ते गिरण्यांचेही शहर. दुसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या काळात येथे राज्याची कापडगिरणी उभी राहिली. पुढे १९०९ साली मालवा मिल आणि १९१५ साली सर सेठ हुकुमचंद यांची गिरणी निघाली. या नगरीच्या इतिहासात राजवाड्याला जे स्थान मिळते, ते भोंग्याच्या आवाजावर जागणाऱ्या परदेशीपुऱ्याला क्वचितच मिळते. त्या वस्तीने वापरलेल्या एका हक्काची, संघटना करण्याच्या हक्काची, कथा आज सांगावयाची आहे.

हा हक्क आज आपणांस स्वाभाविक वाटतो. पूर्वी तो तसा नव्हता. मद्रासला बी. पी. वाडिया यांनी १९१८ साली मजूर संघ स्थापन केला. गिरणीतील तंटा चिघळताच बिनी कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिला मनाई हुकूम मिळाला आणि अखेर वाडियांना चळवळीपासून दूर व्हावे लागले. कामगारांनी एकजुटीने काम थांबविणे म्हणजे करारभंगास चिथावणी, असा त्या काळच्या कायद्याचा अर्थ होता.

ही उणीव दूर व्हावी म्हणून ज्यांनी अविरत खटपट केली, त्यांत नारायण मल्हार जोशी अग्रेसर होते. ते स्वतः कामगार नव्हते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून कामगारवस्तीत वाचनालये व रात्रशाळा चालविल्या. परंतु सेवेने दुःख हलके होते, न्याय मिळत नाही, हे ओळखून ते १९२० साली आयटकच्या स्थापनेत सहभागी झाले. मार्च १९२१ मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा कायदा आला. कोणत्याही सात जणांना संघाची नोंदणी करता येऊ लागली आणि कटाच्या खटल्यापासून व दिवाणी दाव्यापासून संघाला अभय मिळाले. मात्र अशा संघाला मान्यता देण्याचे बंधन मालकावर नव्हते.

शिवाय हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. इंदूरच्या कामगाराला दरबाराच्या धोरणावरच विसंबावे लागे. तरीही येथे संघटना वाढली. रामसिंहभाई वर्मा, पुढे मध्य प्रदेशाचे कामगारमंत्री झालेले व्ही. व्ही. द्रविड, आणि त्यांच्याहून वेगळ्या विचारांचे होमी दाजी ही या चळवळीतील ठळक नावे होत. १९६० च्या राज्य कायद्याने एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मानली. ते स्थान इंदूर मिल मजदूर संघाकडे होते. मालकाशी बोलणी करण्यास एक अधिकृत मुख मिळाले, पण त्या मुखाशी असहमत असणाऱ्या कामगाराने कोठे जावे, हा प्रश्न उरलाच. १९६२ साली दाजी अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. गिरणीत ज्याला जागा नव्हती, त्या मताला मतपेटीत जागा मिळाली, असेच म्हणावे लागेल.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हुकुमचंद मिल बंद पडली. गिरणी गेली, म्हणजे संघाचे प्रयोजनही संपले, असे कोणास वाटेल. घडले ते उलट. थकीत देण्यांसाठी कामगार व त्यांचे वारस तीन दशके न्यायालयात आणि रस्त्यावर एकत्र राहिले. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्त झाला. तोपर्यंत कित्येक जण हयात नव्हते, हे विसरता येणार नाही.

आपल्या राज्यघटनेचा १९ वा अनुच्छेद संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य देतो. १९२६ चा कायदाही २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावून घेण्यात आला. कायद्यांची नावे अशी बदलत राहतात. परंतु अनंत चतुर्दशीच्या रात्री, चाके थांबलेल्या गिरण्यांच्या नावाने कामगार आजही झांकी काढतात, तेव्हा कळते की यंत्र थांबले तरी माणसांची एकत्र येण्याची सवय थांबत नाही. जोश्यांनी कायद्याचे कवच मिळवून दिले. त्याच्या आतील प्राण इंदूरच्या कामगाराने तीस वर्षे वाट पाहून राखला. विद्यार्थी मित्रांनी या शहराचा इतिहास वाचताना तोही वाचावा.