चव्हाण, शंकरराव भाऊराव
(१४ जुलै १९२०–२६ फेब्रुवारी २००४). महाराष्ट्राचे दोन वेळा मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री व मराठवाड्यातील पाटबंधारे योजनांचे प्रमुख पुरस्कर्ते. जन्म पैठण येथे. मद्रास विद्यापीठाची बी. ए. व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. या पदव्या घेतल्यावर त्यांनी वकिलीस प्रारंभ केला. निजामी राजवटीत सभा भरविण्यासही पूर्वपरवानगी लागत असे. अशा राज्यात कायदा जाणणारा वर्गच सार्वजनिक जीवनात पुढे आला. केशवराव कोरटकर, काशिनाथराव वैद्य, दिगंबरराव बिंदू हे सर्व वकीलच होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आवाहनानुसार चव्हाणांनी वकिली सोडली आणि वऱ्हाडच्या सरहद्दीवरील उमरखेड केंद्रातून मुक्तिसंग्रामात काम केले. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर ते नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष व पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री झाले.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर पाटबंधारे खाते त्यांच्याकडे आले व पुढील दीड दशकात बराच काळ राहिले. त्यांच्या कारकीर्दीचे खरे मोल याच कामात आहे. गोदावरीवर मोठे धरण बांधण्याची कल्पना हैदराबाद संस्थानच्या काळातील. त्यासाठी बीड जिल्ह्यातील जायकवाडी या लहान गावाजवळची जागा सुचविण्यात आली होती. पुढे ती सोडून सु. १०० किमी. वरच्या बाजूस पैठणची जागा ठरली. नाव मात्र जायकवाडीचेच राहिले. धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बसविली व उद्‌घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. सु. १० किमी. लांबीच्या या धरणामागील नाथसागराची साठवणक्षमता सु. २,९०९ दशलक्ष घ. मी. (सु. १०२ अब्ज घ. फुट) आहे. त्याखाली चव्हाणांच्या जन्मगावाच्या परिसरातील व नेवासे-शेवगाव भागातील शंभराहून अधिक गावांना झळ पोहोचली. विस्थापितांच्या या हानीचा उल्लेख प्रकल्पाच्या गौरवात सहसा होत नाही.

खालच्या भागातील आंध्र प्रदेशाशी पाण्याच्या वाटपाचा वाद होता. चव्हाण मुख्यमंत्री असताना (१९७५–७७) ६ ऑक्टोबर १९७५ रोजी झालेल्या करारान्वये पैठणपर्यंतचे सर्व पाणी वापरण्याची महाराष्ट्रास मुभा मिळाली. फायलींतील बारकावे स्वतः तपासण्याची वकिली शिस्त त्यांनी मंत्रालयातही सोडली नाही. ‘हेडमास्तर’ हे टोपणनाव त्यांना त्यामुळेच पडले.

बीड जिल्ह्याला या योजनेचा लाभ गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात झाला. १३२ किमी. लांबीचा उजवा कालवा सिंदफणेवरील माजलगाव जलाशयास पाणी पोहोचवितो. बालाघाटावरील आष्टी, पाटोदा, धारूर हा उंच भाग मात्र कालव्याच्या आवाक्याबाहेर राहिला व तेथील मजूर ऊसतोडीसाठी साखरपट्ट्यात जातच राहिले. कालव्याचे पाणी खरीप व रब्बी पिकांपुरतेच द्यावे, बारमाही उसास नको, असा चव्हाणांचा आग्रह होता. दुसऱ्यांदा मुख्यमंत्री असताना (१९८६–८८) त्यांनी हे आठमाही धोरण पुढे रेटले. पश्चिम महाराष्ट्रातील ऊस-बागायतदारांना ते रुचणे शक्य नव्हते. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही ऊस वाढतच गेला. शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोगही याच काळातला.

केंद्रात त्यांनी शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ व गृह ही खाती सांभाळली. १९९१–९६ या काळात ते गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा त्यांच्यावर कठोर टीका झाली.

करारातील ‘पैठणपर्यंतचे पाणी’ हे शब्द आंध्रापुरते निर्णायक ठरले. नासिक-अहमदनगरकडील वरच्या धरणांशी वाटणी कशी करावी, हा प्रश्न त्यांत नव्हता. वरची धरणे भरून नाथसागर रिकामा राहण्याची वर्षे आली, तेव्हा तो उभा राहिला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आणि प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने जायकवाडीचा साठा ठरावीक पातळीखाली असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडणे बंधनकारक झाले.