तरणतलावाच्या पाण्याची कुळकथा

इंग्लंडात १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहांचा व धुलाईघरांचा कायदा मंजूर झाला आणि गावोगावच्या नगरपालिका कष्टकरी लोकांच्या सोयीसाठी करपट्टीच्या पैशातून पोहण्याचे हौद बांधू लागल्या, तेव्हा त्या हौदांतील पाणी स्वच्छ राखण्याची एकच तजवीज त्यांच्या कारभाऱ्यांना ठाऊक होती. ती म्हणजे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा हौद रिता करून, घासून, पुन्हा भरणे. ताजे पाणी भरले जाई त्या दिवशी प्रवेशाचा दर चढा असे. पुढे जसजसे दिवस लोटत आणि शेकडो अंगांचा मळ, घाम व साबण पोटात घेऊन पाणी गढूळ होत जाई, तसतसा दर उतरे. आणि तळ दिसेनासा झाला की मग ज्यांच्या खिशात चार पैसेही जड होते अशांची पाळी येई. रोगाचा धोका दरपत्रकाच्या मार्गाने गरिबाकडे सरकवणारी ही व्यवस्था बरीच वर्षे बिनबोभाट चालली. तिच्यात कोणाची दुष्टबुद्धी होती असे म्हणवत नाही. मळ डोळ्यांना दिसतो तेवढाच असतो, अशी त्या काळची समजूत होती आणि दर त्या समजुतीप्रमाणे ठरले होते.

भरणे आणि उपसणे ही रीत मात्र फार पुरातन. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह सुमारे ३९ फूट लांब, २३ फूट रुंद आणि ८ फूट खोल आहे. विटांचे सांधे इतके घट्ट की त्यांत फट सापडू नये, भिंतीच्या आत पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, शेजारच्या दालनात भरण्यासाठी विहीर आणि एका कोपऱ्यात पाणी सोडून देण्यासाठी माणूस उभा राहू शकेल एवढी कमानदार मोरी. हौद बांधणाऱ्याने तो रिकामा कसा करावयाचा याचा विचार भरण्याच्या विचाराइतकाच बारकाईने केला होता, हे त्या मोरीवरून स्पष्ट दिसते. आपल्या मुलखात पोहणे शिकावयाचे ते विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळलेले भोपळे बांधून. आणि विहिरीला झरा असल्यामुळे पाणी आतून बदलत राही, उन्हाळ्यात ती उपसून गाळ काढला की वर्षाची निश्चिंती होई, आत सोडलेली कासवे व मासे उरलेसुरले काम पाहत. पण जिवंत झऱ्याच्या पाण्यालाही अभय नव्हते. ज्या विहिरीत पायऱ्यांनी उतरून लोक पाय बुडवीत, तिच्या पाण्यातून नारूचा जंतू गावभर पसरे. रोग्याच्या पायातील फोडातून अळ्या पाण्यात पडत, सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात वाढत आणि पाण्याच्या घोटाबरोबर दुसऱ्याच्या शरीरात शिरत. गावोगावच्या पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा त्यांना कठडे घालून पाणी वरून शेंदण्याची सोय करावी लागली, तेव्हा कोठे २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

तरणतलावाला झरा नाही, मासे नाहीत, प्रवाह नाही. दगडी किंवा सिमेंटच्या भिंतींत कोंडलेल्या या पाण्याची सर्व देखभाल माणसानेच करावयाची. आणि ती कशी करावी हे ज्ञान मूळ पोहणाऱ्यांच्या काळजीतून आलेले नाही. शहरांना पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या अभियंत्यांनी व वैद्यांनी साथीच्या रोगांशी झुंजताना जे मिळवले, तेच पुढे हौदाच्या काठी आले.

त्यांचा पहिला उपाय गाळणीचा. लंडनच्या चेल्सी जलसंस्थेचा अभियंता जेम्स सिम्प्सन याने १८२९ साली थेम्सचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपवून निवळून दाखवले, पण त्या वाळूचे खरे सामर्थ्य जगाला पटले ते १८९२ साली, हाम्बुर्ग शहरात. हाम्बुर्ग आणि त्याला लागून असलेले आल्टोना ही दोन्ही शहरे एल्बे नदीचेच पाणी पीत. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हाम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी घेई. परंतु आल्टोना पाणी वाळूतून गाळून घेई आणि हाम्बुर्ग गाळत नसे. त्या वर्षीच्या पटकीत हाम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे मेली. दोन शहरांच्या हद्दीवरील एकाच रस्त्याच्या एका बाजूला प्रेते निघत होती आणि दुसरी बाजू जवळजवळ अबाधित होती. रॉबर्ट कॉख याने त्यापूर्वी आठच वर्षे, १८८४ मध्ये, कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू पाहिला होता; हाम्बुर्गने त्याच्या निदानावर शिक्कामोर्तब केले. आज घरगुती तलावाच्या पंपाशेजारी जे वाळूने भरलेले बुटके पिंप असते, आणि दाब वाढला की ज्याच्यातून पाणी उलट दिशेने सोडून वाळू धुवावी लागते, त्याची वंशावळ ही आहे.

वाळू बहुतेक जंतू अडवते, सगळे नव्हे. आणि हौदात नवा माणूस उतरला की नवे जंतू येतातच. म्हणून पाण्यातच वास्तव्य करून राहील असे जंतुनाशक हवे होते. क्लोरीन वायू शेले याने १७७४ साली शोधला होता आणि ग्लासगोच्या टेनंटने १७९९ मध्ये चुन्यात तो मुरवून ब्लीचिंग पावडरीचे पेटंट घेतले होते, पण शंभर वर्षे तिचा मुख्य धंदा कापड पांढरे करण्याचा राहिला. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात झेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना तिच्या द्रावणात हात धुवावयास लावून बाळंतिणींचे प्राण वाचवले; १८९७ साली मेडस्टन गावात विषमज्वराची साथ आली तेव्हा तेथील नळ तिनेच धुऊन काढले. आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट ही की, दाबाखाली द्रवरूप केलेला क्लोरीन पिण्याच्या पाण्यात सोडावा ही सूचना १९०३ साली प्रथम छापून प्रसिद्ध करणाऱ्यांत व्हिन्सेंट नेसफील्ड हा हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतील एक तरुण अधिकारी होता. अमेरिकेच्या लष्करातील डार्नॉलने तीच कल्पना १९१० मध्ये व्यवहारात आणली, आणि नेसफील्डचे नाव मात्र जलशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच भेटते. हा अन्याय दूर व्हावयास हवा.

खरा निवाडा झाला तो कोर्टात. न्यू जर्सीतील जर्सी सिटी शहराने आपल्याला पाणी पुरवणाऱ्या खाजगी कंपनीवर फिर्याद लावली की करारात कबूल केल्याप्रमाणे पाणी शुद्ध नाही. कोर्टाने कंपनीला नदीकाठी मैलाविल्हेवाटीचा खर्चिक बंदोबस्त करण्याची किंवा दुसरी एखादी योजना सुचवण्याची मुभा दिली. आणि कंपनीचा सल्लागार डॉ. जॉन लील याने ती दुसरी योजना म्हणून बूंटन जलाशयाच्या पाण्यात अल्प प्रमाणात ब्लीचिंग पावडर मिसळण्याचे यंत्र गुपचूप उभे केले. २६ सप्टेंबर १९०८ रोजी ते सुरू झाले. शहराच्या वकिलांनी त्याला, लोकांना न विचारता त्यांच्या पाण्यात विष घालणारा म्हणून, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात धारेवर धरले. हे पाणी तू स्वतःच्या बायकामुलांना देशील काय, असे विचारले. आणि त्याने अविचलपणे होकार दिला. लीलचे वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात लागलेल्या आमांशाने पुढे अनेक वर्षे झिजून वारले होते, हे ठाऊक असले म्हणजे त्या होकाराचे वजन कळते. १९१० मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि काही वर्षांतच अमेरिकेतील शहरामागून शहर क्लोरीन वापरू लागले. त्याच सुमारास प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठाच्या तरणतलावात ब्लीचिंग पावडर टाकून जंतूंची मोजदाद करण्याचे प्रयोग झाले, आणि हौद दर आठवड्यास रिता करण्याचे दिवस संपत आले.

परंतु क्लोरीन टाकले म्हणजे काम झाले नाही, हे समजावयास आणखी पिढीभराचा काळ लागला. आणि तरणतलावाच्या देखभालीतील जे खरे शास्त्र, ज्याला पाण्याचा समतोल म्हणतात, ते येथे सुरू होते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने १९०९ साली आम्लता मोजण्याची जी पट्टी बसवली, तिला आपले शेतकरी मातीपरीक्षणाच्या कागदावर सामू म्हणून ओळखतात. क्लोरीन पाण्यात विरघळले की त्याची दोन रूपे होतात. एक जंतूंना झटक्यात मारणारे, दुसरे जवळजवळ निष्क्रिय. आणि कोणते रूप किती, हे सामू ठरवतो. सामू ७.२ असेल तर सुमारे दोनतृतीयांश क्लोरीन कामावर हजर असते. तोच ८ वर चढला की जेमतेम चौथाई उरते. म्हणजे क्लोरीनचा आकडा बरोबर असूनही पाणी अरक्षित राहू शकते. आणि तलावाजवळ नाकात शिरणारा जो उग्र दर्प, डोळ्यांची जी आग, तिचा दोष लोक क्लोरीनच्या आधिक्याला देतात, तो बव्हंशी उलटा आहे. घाम व मूत्र यांतील द्रव्यांशी संयोग पावून क्लोरीनचे जे संयुग बनते त्याचा तो दर्प असतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे क्लोरीन एकदम पुरेसे वाढवून ते संयुग मोडून टाकणे.

समतोलाचे दुसरे अंग पाण्याच्या जडपणाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलिअर याने १९३६ साली शहरांच्या लोखंडी नळांचा विचार करताना एक गणित मांडले : पाण्यातील चुना, त्याची अल्कता, सामू आणि उष्णता यांवरून पाणी चुन्याचे पुट चढवील की उलट चुना खाऊन टाकील हे सांगता येते. नळांसाठी मांडलेले हे गणित तलावाच्या भिंतींनाही जसेच्या तसे लागू पडले. भुकेले पाणी गिलाव्यातला चुना ओढून घेते, पृष्ठभाग खरखरीत होतो, पाय सोलवटतात आणि खाचांत शेवाळ धरते. तृप्तीपलीकडे गेलेले पाणी फरश्यांवर पांढरी कड आणि गाळणीत खडे साठवते. माझ्या मते तरणतलावाच्या इतिहासातील सर्वांत सुंदर विचार हाच आहे, कारण त्याने पाण्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. जंतू मेले की नाही एवढ्याच प्रश्नावर न थांबता, पाणी आपल्या भांड्याशी कसे वागते हेही तपासावे लागते, हे त्याने शिकवले.

हे सर्व ज्ञान घराच्या परसात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तेही प्रथम कॅलिफोर्नियात. शिकागोच्या वस्तुसंग्रहालयात मेलेली जनावरे पेंढा भरून उभी करणारा कार्ल एकली याने सिमेंटचा फवारा मारणारे यंत्र शोधून १९११ साली त्याचे पेटंट घेतले होते. त्या फवाऱ्यामुळे साच्यावाचून वाटेल त्या आकाराचा हौद थोड्या खर्चात घडवता येऊ लागला, आणि सोनोमा परगण्यातील डॉनेल उद्यानात टॉमस चर्चने १९४८ साली रचलेला वळणदार तलाव घरोघरच्या हौसेचा नमुना बनला. पण हौस हे एकच कारण नव्हते. सार्वजनिक तलावांत गोऱ्यांबरोबर काळ्यांनाही उतरू द्यावे अशी न्यायालये आज्ञा देऊ लागली, तेव्हा कित्येक नगरपालिकांनी तलाव बुजवले किंवा बंद केले. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने ते बंद केले ते कायदेशीरच, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. आणि ज्यांना परवडत होते ते आपापल्या कुंपणाआड पोहू लागले.

१८ जून १९६४ रोजी फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथे एका मोटेलच्या तलावात काळे व गोरे सत्याग्रही एकत्र उतरले असता, व्यवस्थापकाने तलावाच्या सफाईसाठी ठेवलेले हायड्रोक्लोरिक आम्ल त्यांच्या भोवती पाण्यात ओतले. एवढ्या पाण्यात ते आम्ल विरून गेले, परंतु त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. सामू चढला असता तो उतरवावयाचे, थेंबाथेंबाच्या हिशेबाने वापरावयाचे द्रव्य माणसाने माणसावर उगारावे, हे वाचताना महाडची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि नंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे शुद्ध केल्याचे जाहीर केले. त्याच तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. तळ्याची वहिवाट खाजगी असल्याचा सवर्णांचा दावा मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९३७ साली फेटाळला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घराचा हौद १८६८ मध्येच अस्पृश्यांना खुला केला होता.

परसातला तलाव आला तशी जलसंस्थेच्या अभियंत्याची जबाबदारी घरधन्यावर पडली, आणि त्याच्या मदतीला दोन गोष्टी धावल्या. उघड्यावरच्या पाण्यातील क्लोरीन प्रखर उन्हात दोन-चार तासांत नाहीसे होते. सायन्यूरिक आम्ल थोडे मिसळले तर ते दिवसभर टिकते, हे १९५० नंतरच्या दशकात व्यवहारात आले. मात्र हे आम्ल पाण्यात साठत जाते, आणि प्रमाणाबाहेर साठले की क्लोरीनला मंद करते. दुसरी गोष्ट पेलिन या इंग्रज रसायनज्ञाने १९५७ मध्ये रूढ केलेली गुलाबी रंगाची परीक्षा. कोपरभर खोलीवरचे पाणी लहानशा काचनळीत घ्यावे, एक गोळी विरघळवून रंग पट्टीशी ताडून मोकळे क्लोरीन वाचावे, मग दुसरी गोळी घालून रंग किती गडद होतो ते पाहावे. जेवढा गडद, तेवढे क्लोरीन घाणीत अडकलेले. आधीच्या पिवळ्या रंगाच्या परीक्षेत हा भेद नीट कळत नसे.

अलिबाग, कर्जत, लोणावळा या बाजूंच्या बंगल्यांतून आता असे तलाव पुष्कळ झाले आहेत, आणि तेथे लँगेलिअरचे गणित उन्हाळ्यात एक व पावसाळ्यात एक असे बोलते. दख्खनच्या काळ्या कातळातील बोअरचे पाणी बहुधा जड. बाष्पीभवनाने उन्हाळाभर ते आणखी जड होते आणि पाण्याच्या रेषेवर पांढरी कड धरते. मृगानंतर कोसळणारे पावसाचे पाणी अगदी मऊ. ते तलावातील अल्कता पातळ करते, सामू डळमळू लागतो आणि ढगाळ दिवसांत दुर्लक्ष झाले तर दोन रात्रींत शेवाळ धरते. म्हणून पावसाळ्यात खाण्याचा सोडा मापाने घालून आधी अल्कता सावरावी, नंतर सामू, आणि त्यानंतर क्लोरीन. आणि आम्ल घालावयाचे झाल्यास बादलीभर पाण्यात आम्ल ओतावे, आम्लावर पाणी कधीही नव्हे, व ते पंप चालू असताना खोल भागात सोडावे. ज्या गावांना चैत्र-वैशाखात टँकरवर दिवस काढावे लागतात, तेथे पाणी बिघडले म्हणून तलाव उपसून टाकण्याची मुभा कोणालाच असू नये, असे मला मनापासून वाटते. आणि नियमित तपासणी करणाऱ्याला तशी वेळ सहसा येतही नाही.