थंडीला उत्तर थरांचे : जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ कपडे उपयोगी

डिसेंबर उजाडला, की नाशिककर कपाटातील लोकरीचे कपडे बाहेर काढतात आणि शरणपूर रस्त्यावरील तिबेटी बाजारात स्वेटर, जर्किन व कानटोप्यांची खरेदी सुरू होते. खरेदीचा निकष बहुधा एकच असतो : कपडा जितका जाड, तितका उबदार. नाशिकच्या थंडीत मात्र हा निकष अपुरा पडतो. जानेवारीत येथे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो आणि दुपारी तोच २८ अंशांच्या घरात जातो. पहाटे पुरेसा वाटणारा जाड कपडा दहा वाजता घामाघूम करतो, आणि तो काढला तर आत केवळ सुती सदरा उरतो.

जिल्ह्यातील थंडी सौम्य समजण्याचेही कारण नाही. नाशिक शहरात ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. निफाड येथे डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. गोदावरी व कादवेच्या खोऱ्यातील हा सखल, ओलिताचा प्रदेश आहे. निरभ्र, शांत रात्री जड झालेली थंड हवा अशा सखल भागात साचून राहते.

ऊब येते कोठून?

कपडा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम असते आणि ते प्रत्यक्षात धाग्यांत अडकलेली स्थिर हवा करते. दोन-तीन पातळ कपड्यांच्या मध्येही हवेचे असे थर तयार होतात. शिवाय गरजेप्रमाणे एखादा थर उतरविता येतो. या स्थिर हवेचे शत्रू दोन : वारा आणि ओल. वारा तिला हुसकावून लावतो. ओल झाली, की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते.

तीन थर, तीन कामे

पहिला थर अंगालगतचा. त्याचे काम घाम शोषून बाहेरच्या बाजूस नेण्याचे. चालणे, सायकल किंवा डोंगर चढणे असेल तर येथे सुती बनियन टाळावे. सूत घाम धरून ठेवते व लवकर वाळत नाही. पॉलिएस्टरचे थर्मल किंवा तलम लोकरीचा कपडा अधिक योग्य. तो अंगाला बेताने बसणारा असावा.

दुसरा थर उबेचा. लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस त्यासाठी चांगला. लोकर दमट झाली तरी बरीचशी ऊब टिकवून धरते. मेंढपाळांची घोंगडी याच गुणामुळे पिढ्यान्‌पिढ्या उघड्या माळावर टिकली. पिसे भरलेले जॅकेट वजनाला हलके व अतिशय उबदार असते, परंतु भिजल्यास त्याची पिसे चिकटून बसतात आणि ऊब नाहीशी होते.

तिसरा थर वाऱ्याचा. साधे विंडचीटर हे काम करते. विणीच्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, हे दुचाकीस्वारांनी विशेष लक्षात घ्यावे. तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकी चालविल्यास उघड्या त्वचेला ती थंडी सुमारे ६ अंशांसारखी जाणवते. हातमोजे, कानटोपी व मफलर म्हणूनच आवश्यक ठरतात. पायमोजे मात्र इतके जाड नसावेत, की बूट घट्ट होऊन रक्ताभिसरणास अडथळा यावा.

थरांची ही कल्पना जुनी आहे. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेलेले जॉर्ज मॅलरी यांचे पार्थिव १९९९ मध्ये सापडले, तेव्हा त्यांच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे एकावर एक कपडे असल्याचे आढळले. तशाच कपड्यांची प्रतिकृती २००६ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहण्यात आली आणि ती उपयुक्त असल्याचा निर्वाळा मिळाला.

चढताना कमी, थांबल्यावर अधिक

१,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर रात्री चढाई करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे बारी गावातूनच सर्व कपडे चढवून निघणे. अर्ध्या वाटेत आतील कपडे घामाने ओले होतात आणि माथ्यावर सूर्योदयाची वाट पाहत वाऱ्यात बसले, की हुडहुडी भरते. निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत. माथ्यावर पोहोचताच अंगालगतचा ओला कपडा बदलून उरलेले थर चढवावेत. कोरडा बनियन पिशवीत असणे हे जड जर्किनपेक्षा अधिक मोलाचे आहे.

रात्रीच्या पाळीत पिकाला पाणी भरणारे शेतकरी आणि पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटविणारे मजूर यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. नायलॉन व पॉलिएस्टर ठिणगीने वितळून त्वचेला चिकटते. शेकोटीजवळ बाहेरचा थर सुती किंवा लोकरीचाच असावा.

धोक्याची लक्षणे

शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली गेल्यास ती वैद्यकीय आणीबाणी होय. अनावर थरथर, बोटांनी बटण न लागणे, बोलण्यात अडखळणे व झोपाळूपणा ही त्याची चिन्हे आहेत. अशा व्यक्तीस आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा द्यावा आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. मद्य मुळीच देऊ नये; त्याने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात उष्णता अधिक वेगाने निघून जाते. वृद्ध व तान्ही मुले यांच्यात थरथर दिसेलच असे नाही, म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

खरेदीला जाताना म्हणूनच कपड्याची जाडी पाहण्याआधी त्याच्या आतील पट्टीवर धागा कोणता लिहिला आहे, ते वाचावे. घरात स्वेटर आधीच असेल, तर घाम शोषणारा एक पातळ कपडा आणि वारा अडविणारे एक विंडचीटर एवढी भर बहुतेकांना पुरेशी ठरते.