रेणवीय दर्शके, स्तन कर्करोगातील

अर्बुदाच्या कोशिकांतील ज्या जनुकांवरून, ग्राहींवरून वा प्रथिनांवरून रोगाचा पुढील क्रम आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद आधी अजमावता येतो, त्यांना रेणवीय दर्शके म्हणतात. स्तनातील सारख्याच आकाराची दोन अर्बुदे कधीकधी अगदी भिन्न रीतीने वागतात. एकीचा रोग शस्त्रक्रियेने कायमचा बरा होतो, तर दुसरीचा अल्पावधीत इतरत्र पसरतो. हा भेद कशामुळे पडतो, या प्रश्नातून या दर्शकांचा इतिहास घडला.

ग्लासगो येथील शस्त्रक्रियाविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये असे दाखविले की, अंडकोश काढून टाकल्यास वाढलेला स्तन कर्करोगही ओसरू शकतो. मात्र सर्वच स्त्रियांना हा गुण येत नसे. त्याचे कारण शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून उलगडले. त्यांनी ईस्ट्रोजेनाचा ग्राही शोधून काढला. ज्या अर्बुदांत हा ग्राही पुरेसा असतो, तीच बहुधा हॉर्मोनविरोधी उपचारांना दाद देतात.

आक्रमक प्रकारांचा उलगडा पुढे जनुकविज्ञानामुळे झाला. १९८५ मध्ये मानवाच्या १७ व्या गुणसूत्रावरील एचईआर-२ हे जनुक वेगळे करण्यात आले. ते कोशिकेच्या पृष्ठावरील एका वृद्धिग्राहीची घडण ठरविते. डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ अर्बुदे तपासून १९८७ मध्ये असे प्रसिद्ध केले की, त्यांपैकी ३० टक्के अर्बुदांत या जनुकाच्या प्रती दोनपासून वीसपटींहून अधिक वाढलेल्या होत्या आणि अशा रुग्णांत रोग लवकर उलटून आयुर्मान घटत होते. पुढील व्यापक पाहण्यांत हे प्रमाण सु. १५ ते २० टक्के आढळले.

अशुभाची सूचना देणारे हे दर्शकच पुढे उपचाराचे लक्ष्य ठरले. या ग्राहीला चिकटणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले. पसरलेल्या रोगात रसायनोपचारांना त्याची जोड दिल्यास मध्यमान आयुर्मान २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६९ स्त्रियांवरील चाचणीत दिसले. काही रुग्णांच्या हृदयावर त्याचा अनिष्ट परिणाम होत असल्याचेही त्याच वेळी आढळले. शस्त्रक्रियेनंतर हे औषध दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण सु. निम्म्याने घटते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले.

ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन यांचे ग्राही नसलेल्या आणि एचईआर-२ न वाढलेल्या अर्बुदांना त्रिऋण म्हणतात. त्यांच्या बाबतीत असे एकच सर्वसामान्य लक्ष्य सापडलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रसायनोपचारांनी अर्बुद पूर्ण नाहीसे झाले, तर भवितव्य पुष्कळच चांगले असते. अवशेष उरल्यास धोका वाढतो.

रेणवीय दर्शक रुग्णसमूहाची संभाव्यता सांगते. एका रुग्णाचे भवितव्य निश्चित करीत नाही. एचईआर-२ च्या इतिहासावरून मात्र असे दिसते की, प्रतिकूल भाकिताचे कारण कळले, तर ते भाकीत बदलताही येते.