एका वर्षाचा फरक

गोमंतकीय माणसाला गुलबर्गा जिल्हा ठाऊक असतो तो गाणगापुरामुळे. दत्ताचे दर्शन घ्यावे, जमल्यास हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीला जावे, बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा पाहावा आणि घरी परतावे, असा आपला बेत असतो. मला या मुलखाचे कुतूहल आणखी एका कारणाने वाटते. इथे एकाच माणसाच्या कागदपत्रांत तीन-तीन माणसे सापडतात आणि त्याची झळ सर्वांत जास्त कुणाला बसत असेल, तर ती फौजेतून निवृत्त झालेल्या जवानाला आणि त्याच्यामागे राहिलेल्या त्याच्या पत्नीला.

हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल. सप्टेंबर १९४८ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे जिल्हे होते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. मग १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग मराठवाड्यात गेले, काही भाग तेलुगू मुलखाला मिळाला आणि उरलेला बिदर जिल्हा गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आला. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुरगी झाले. म्हणजे भालकी किंवा औराद तालुक्यातला १९३० च्या सुमारास जन्मलेला माणूस आपले गाव न सोडता तीन राज्यांचा रहिवासी झाला! त्याच्या कागदावर जन्मस्थळाच्या रकान्यात काय लिहिलेले असणार, याची कल्पना करा.

आता तारखेची गंमत पाहा. संस्थानचा सरकारी कारभार उर्दूतून आणि फसली सनात चाले. हैदराबादचे फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे फसली सनाचा इसवी सन काढताना आजूरपासूनच्या पहिल्या तीनेक महिन्यांसाठी ५९० मिळवायचे आणि पुढच्या नऊ महिन्यांसाठी ५९१. समजा, शाळेच्या दाखल्यावर मुलाचा जन्म खुर्दाद १३४० फसली असा आहे. खुर्दाद हा एप्रिलच्या आसपासचा महिना, म्हणजे मुलगा १९३१ चा. पण भरतीच्या कारकुनाने सरसकट ५९० मिळवले, तर तो १९३० चा होतो. एका बेरजेने माणूस एक वर्षाने म्हातारा!

ज्यांच्याकडे दाखलाच नव्हता त्यांची तऱ्हा वेगळी. सरकारी नियमाप्रमाणे फक्त जन्मवर्ष माहीत असेल तर तारीख १ जुलै धरतात. शाळामास्तर १ जून लिहीत. आपल्याकडे जूनमध्ये जन्मलेली माणसे इतकी का, याचे उत्तर पंचांगात सापडणार नाही, ते शाळेच्या रजिस्टरात आहे.

आणि नावे? उर्दू लिपीत 'ण' नाही, 'ळ' नाही. म्हणून गणपत काळे हा गनपत काले होतो. तिथून तो इंग्रजीत जातो, इंग्रजीतून कन्नडमध्ये येतो. मराठी घरात नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो, तर कर्नाटकात गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर आधी लावण्याची रीत आहे. भरतीच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोराने आडनाव सांगितलेच नाही, तर वडिलांचे नावच त्याचे आडनाव होऊन बसते.

आपण गोमंतकीयांनी याला हसू नये. पोर्तुगीज नोंदणीत आपला केशव 'क्यू'ने सुरू होत असे आणि शंकर 'एक्स'ने. शेणवीचा सिनाय झाला तो कायमचाच. आग्वादला किंवा थेट पोर्तुगालमध्ये पेनिशच्या तुरुंगात बंदिवास भोगलेल्या आपल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या नोंदीही त्याच भाषेतल्या आहेत.

फौजेत जवानाची मूळ नोंद असते ती 'शीट रोल'मध्ये, आणि ती सांभाळते त्याच्या रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिकला. लग्न झाले, मूल झाले, तर युनिटकडून 'पार्ट टू ऑर्डर' निघतो आणि ती गोष्ट नोंदीत येते. तो निघाला नाही, तर फौजेच्या लेखी ते लग्न झालेलेच नसते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा आहे. नोंदीत माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. नवरा हयात आहे तोवर कुणाचे लक्ष जात नाही. तो गेल्यावर मात्र कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या बाईला सिद्ध करावे लागते की त्या दोन्ही बायका आपणच आहोत.

निवृत्तिवेतनाचा कारभार 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून हे जुने घोळ एकदम वर आले आहेत. कारकून पूर्वी अक्षराचा फरक समजुतीने चालवून घेई, यंत्र घेत नाही. एका वर्षाच्या फरकाला पैशातही किंमत आहे. २००६ पासूनच्या नियमाप्रमाणे ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. नोंदीत एक वर्षाने तरुण ठरलेला म्हातारा एक वर्ष या वाढीची वाट पाहत बसतो, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे काय हे सांगायला नको.

गरीब जवानांचेच असे होते असेही नाही. जनरल व्ही. के. सिंग यांचा जन्म पुण्याच्या लष्करी रुग्णालयातला. शालान्त प्रमाणपत्रावर १० मे १९५१, पण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी भरलेल्या अर्जात १९५०. लष्कराच्या एका शाखेत एक वर्ष, दुसरीत दुसरे. चाळीस वर्षे हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी नांदले. लष्करप्रमुखपदी असताना ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. मूळ जन्मतारीख कोणती, हा निवाडा न्यायालयाने केलाच नाही. इतकी वर्षे जी नोंद स्वीकारली तीच सरकारने धरली, यात गैर नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. सरसेनापतीची ही गत, तर औरादच्या शिपायाची काय कथा?

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९७२ साली केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. १९३८-३९ च्या हैदराबादमधील आर्य समाजाच्या सत्याग्रहाला मान्यता मिळाली ती मात्र १९८५ मध्ये. तोवर निजामाच्या तुरुंगांतली दप्तरे कुठे होती? दप्तर नसेल तेव्हा सहबंदीचे प्रमाणपत्र चालेल अशी सोय झाली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ उशीर झाला म्हणून या सत्याग्रहींचे अर्ज फेटाळू नका. पण त्याच सोयीचा फायदा घेऊन शेजारच्या बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिक उभे राहिले आणि २००५ मध्ये त्याच न्यायालयाला त्यांच्याविषयी कठोर व्हावे लागले. खोट्यांनी वाट वापरली की ती खऱ्यांसाठी अरुंद होते.

माझे मत विचाराल, तर चूक सुधारून मागणारा प्रत्येक जण लबाड असा संशय इथे उपयोगाचा नाही. दोन सन, चार लिप्या आणि तीन राज्ये यांतून आलेली तफावत ओळखण्याजोगी असते. 'काळे'चा 'काले' होणे ही लबाडी नव्हे. ५९० आणि ५९१ मधला फरक कोष्टकात बघून मिटवता येतो. संशय राखून ठेवावा तो ज्या तफावतीला असे कुठलेच कारण सापडत नाही तिच्यासाठी.

आणि आपल्या घरात कुणी निवृत्त जवान असेल, तर हे काम त्याच्या हयातीतच करून घ्या. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आधार आणि बँकेचे पुस्तक एका रांगेत मांडा. नाव, तारीख आणि पत्नीचे नाव अक्षर न अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर प्रतिज्ञापत्रासह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करा आणि सुधारित आदेश हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आज तो स्वतः सही करू शकतो, 'हा मीच' असे सांगू शकतो. त्याच्यामागे हे सांगण्याची पाळी पत्नीवर येते, आणि तिच्याजवळ बहुधा एक जुना फोटो आणि एक पत्र्याची ट्रंक एवढाच पुरावा असतो.