झाकणाआडचा कोळी ओळखावा कसा?

काचेच्या उभट बरणीत ओलसर माती, मातीत एक बीळ आणि बिळाच्या तोंडावर रेशमाने विणलेले, मातीने लिंपलेले, बिजागरीसारखे उघडणारे झाकण. अमेरिका, युरोप आणि जपानमधील हौशी कोळीपालकांच्या घरी असे दृश्य आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. केसाळ टॅरँटुला पाळून झाल्यावर यांतील अनेकांचे लक्ष या ‘ट्रॅपडोअर’ कोळ्यांकडे, म्हणजेच बिळाला झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांकडे वळते. हा प्राणी दिवसचे दिवस दर्शन देत नाही. रात्री झाकण किंचित उचलले जाते, पुढचे पाय दिसतात आणि किडा जवळून गेला की क्षणात तो आत ओढला जातो. असा कोळी घरी आणणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो त्याच्या ओळखीचा. बरणीवरील चिठ्ठीतले नाव खरे मानावे काय? आणि ते खरे नसेल तर खरे नाव शोधायचे कसे?

एक नाव, अनेक कुळे

‘ट्रॅपडोअर कोळी’ हे एखाद्या कुळाचे नाव नव्हे. ते राहणीचे वर्णन आहे. दार बसवण्याची कला अनेक कुळांतील कोळ्यांना अवगत आहे. शिवाय या कुळांची मांडणीही बदलत आली आहे. जुन्या पुस्तकांत टेनिझिडी या एकाच कुळात घातलेल्या अनेक प्रजाती 2018 मधील संशोधनानंतर हॅलोनोप्रोक्टिडी या स्वतंत्र कुळात गेल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकातील नाव आणि आजचे नाव जुळले नाही तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयाची जागतिक कोळी-सूची संगणकावर सर्वांना खुली आहे. तिच्यातील जातींची संख्या 2022 मध्ये 50 हजारांच्या पुढे गेली. प्रचलित नाव कोणते, हे पाहण्यासाठी प्रथम ही सूची उघडावी.

पहिली पायरी : सुळे आणि पोट

ओळखीची सुरुवात रंगावरून करू नये. काळा, तपकिरी व तांबूस हे रंग या सर्वांत आढळतात. प्रथम सुळे पाहावेत. घरातील जाळी विणणाऱ्या सामान्य कोळ्याचे सुळे चिमट्याप्रमाणे समोरासमोर मिटतात. ट्रॅपडोअर आणि टॅरँटुला यांचे सुळे मात्र एकमेकांना समांतर असून कुदळीसारखे वरून खाली उतरतात. त्यांच्या पोटाखाली श्वसनाच्या पुस्तक-फुप्फुसांच्या दोन जोड्यांचे फिकट ठिपकेही दिसतात. सामान्य कोळ्यांत बहुधा एकच जोडी असते.

यानंतर पोटाची वरची बाजू पाहावी. तिच्यावर एकामागून एक आडव्या कठीण पट्ट्या असतील आणि सूत सोडणारे अवयव पोटाच्या टोकाला नसून खालच्या बाजूस मध्यावर असतील, तर तो कोळी मेसोथेली या अतिप्राचीन उपगणातला होय. लिफिस्टियस ही त्यातील प्रसिद्ध प्रजाती म्यानमार, थायलंड, मलेशिया आणि सुमात्रा या भागांत आढळते. तिच्या बिळाच्या तोंडापासून बाहेर जमिनीवर रेशमाचे काही धागे किरणांसारखे पसरलेले असतात. त्यांना किड्याचा स्पर्श झाला की आतल्या कोळ्याला खबर लागते. जपानमधील हेप्टाथेला हा तिचा नातलग असे धागे पसरत नाही. पट्ट्यांचे पोट ही कोळ्यांच्या पूर्वजांची खूण आहे. फ्रान्समध्ये सापडलेल्या सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मातही या उपगणाची ठेवण ओळखू येते.

दुसरी पायरी : डोळे, पाय आणि नखे

पोट गुळगुळीत असेल तर भिंग हाती घ्यावे. पायांच्या टोकाला केसांचे दाट झुपके आणि दोनच नखे असतील, तर तो टॅरँटुला किंवा बॅरिकेलिडी कुळातील कोळी असण्याचा संभव अधिक. या दुसऱ्या कुळातील काही कोळीही बिळाला झाकण लावतात, म्हणून केवळ झाकण पाहून निष्कर्ष काढता येत नाही. खऱ्याखुऱ्या ट्रॅपडोअर कोळ्यांचे अंग तुळतुळीत, पाय आखूड व दणकट आणि नखे तीन असतात. त्यांच्या जबड्याच्या टोकाला दाताळ्यासारखे जाड काटे असतात. माती उकरण्याचे हे त्यांचे अवजार.

डोळ्यांची मांडणी फार उपयोगी पडते. आठांपैकी दोन डोळे चेहऱ्याच्या अगदी पुढच्या कडेला आणि उरलेले मागे घोळक्याने असतील, तर इडिऑपिडी कुळाकडे पाहावे. भारतात या कुळातील कोळी आहेत. 2005 मध्ये वर्णन झालेल्या ‘इडिऑप्स बॉम्बेएन्सिस’ या जातीच्या नावात तर मुंबईच आहे. डोळे डोक्याच्या रुंदीभर पांगलेले आणि जबडे फुगीर असतील, तर तो ऑस्ट्रेलियातील ‘माउस’ कोळी म्हणजे मिसुलेना असू शकतो.

पायांपैकी तिसरा पाय मुद्दाम पाहावा. त्याच्या नळीसारख्या भागावर बुडाशी खोगिरासारखा खळगा असेल, तर उमिडिया किंवा कोनोथेली या दोन प्रजातींपैकी एक समजावी. येथेच ठिकाणाचे महत्त्व कळते. उमिडिया अमेरिका खंडांत आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात राहते, तर कोनोथेली आशिया व ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. दोन्हींचा खळगा सारखाच. मूळ प्रदेश ठाऊक असेल तर निवड सोपी होते.

पाठीवर शिक्का मिरवणारा

या सर्वांत हौशी पाळकांना सर्वाधिक मोह पडतो तो सायक्लोकॉस्मियाचा. याचे पोट मागच्या बाजूला एकाएकी कापल्यासारखे सपाट होते आणि तेथे कठीण, गोल, कंगोऱ्यांची चकती असते. एखाद्या जुन्या नाण्यावरील किंवा मोहरेवरील नक्षीची आठवण व्हावी, अशी ही चकती. तिचा उपयोग मात्र शोभेचा नाही. शत्रू बिळात शिरला की कोळी डोके खाली करून निमुळत्या तळाकडे धावतो आणि चकतीने बीळ बुचासारखे बंद करतो. वरून पाहणाऱ्याला दिसते ती केवळ टणक भिंत.

चकती पाहून प्रजाती सांगणे कोणालाही जमेल. जाती सांगणे मात्र अवघड. अमेरिकेतील ‘सायक्लोकॉस्मिया ट्रंकाटा’ ही जाती 1841 पासून ज्ञात होती. 1975 मध्ये गर्ट्श आणि प्लॅटनिक या अभ्यासकांनी फ्लोरिडाकडील ‘टोरेया’ ही जाती वेगळी काढली. चीनमधील ‘रिकेटी’चे वर्णन 1901 मधले. पुढे 2005 मध्ये थायलंडमधून ‘सियामेन्सिस’ व ‘लान्नाएन्सिस’, तर चीनमधून 2006 मध्ये ‘लाटुसिकोस्टा’, 2017 मध्ये ‘लिउई’ आणि 2018 मध्ये ‘सबरिकेटी’ अशा जातींची भर पडली. चकतीवरील कंगोऱ्यांची ठेवण व अंतर्गत अवयव यांच्या बारीक तुलनेवर हे भेद उभे आहेत. तेव्हा ‘आशियाई चकतीवाला’ म्हणून आलेल्या प्रत्येक कोळ्याला ‘रिकेटी’ म्हणणे हे ओळखणे नव्हे, ती सवय झाली.

छायाचित्राची मर्यादा

चांगले छायाचित्र कुळापर्यंत, पुष्कळदा प्रजातीपर्यंत नेते. त्यासाठी वरून डोळ्यांसह डोके, समोरून जबडे, खालून पोट व सूत सोडणारे अवयव, तिसरा पाय आणि बिळाचे झाकण अशी पाच चित्रे हवीत. झाकण जाड, बुचासारखे घट्ट बसणारे आहे की पानासारखे पातळ आहे, हेही नोंदवावे.

त्यापुढे मात्र वाट अडते. या कोळ्यांच्या जवळच्या जाती बाह्यरूपाने कमालीच्या सारख्या असतात. कॅलिफोर्नियातील ॲप्टोस्टिकस प्रजातीवर जेसन बाँड आणि एमी स्टॉकमन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिसायला जवळजवळ एकच असलेल्या कोळ्यांत अनेक जाती दडल्याचे दाखवले. त्या वेगळ्या करण्यासाठी जनुकीय पुरावा आणि वस्तीचे ठिकाण यांचा आधार घ्यावा लागला. 2021 मध्ये अमेरिकेतील उमिडियाचा फेरआढावा निघाला, तेव्हा एका दमात 33 नव्या जातींची नोंद झाली. जे तज्ज्ञांना संग्रहालयातील नमुन्यांच्या राशी तपासल्यावर उमगले, ते एका छायाचित्रावरून सांगता येईल, ही अपेक्षा रास्त नव्हे.

जाती ठरवण्याची खरी किल्ली दोन ठिकाणी असते : प्रौढ नराच्या स्पर्शपादाच्या टोकाची रचना आणि मादीच्या पोटातील शुक्रकोशांचा आकार. मादीचे शुक्रकोश पाहण्यासाठी तिला मारण्याची गरज नाही. ती कात टाकते तेव्हा कातीच्या आतल्या बाजूला त्यांचा ठसा राहतो. साबणाच्या पाण्याच्या थेंबाने कात मऊ करून, हलकेच उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तो दिसतो. म्हणून पाळलेल्या कोळ्याची प्रत्येक कात तारीख घालून जपून ठेवावी.

ओळख चुकली तर

चुकीच्या ओळखीची किंमत कधी जिवाशी येते. सिडनी परिसरातील फनेल-वेब कोळी काळा, तुळतुळीत आणि वरवर पाहता ट्रॅपडोअरसारखाच. त्याच्या बिळाला झाकण नसते आणि सूत सोडणारे अवयव लांब असतात; परंतु बिळाबाहेर भटकणाऱ्या नराजवळ बीळ कोठून असणार? त्याचे विष माणसाला मारू शकते. 1981 मध्ये त्यावरील प्रतिविष उपचारात आले, त्यानंतर मृत्यू थांबले. मिसुलेनाचा दंशही गंभीर ठरू शकतो. म्हणून ओळख पक्की होईपर्यंत असा कोणताही कोळी हातावर घेऊ नये.

दुसरी किंमत कोळ्याला मोजावी लागते. मलेशियातील पेराक राज्यातला ‘लिफिस्टियस कांथान’ कांथान या चुनखडीच्या टेकडीतील गुहेपुरता ज्ञात असून तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. बरणीवर नुसते ‘लिफिस्टियस’ लिहिले असेल, तर आतला प्राणी सर्वत्र आढळणाऱ्यांपैकी आहे की एका टेकडीचा अखेरचा रहिवासी, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

ठिकाण हाच अर्धा परिचय

या कोळ्यांचे आयुष्य ध्यानात घेतले तर ही गोष्ट अधिक जाणवते. नर प्रौढ होताच बीळ सोडतो आणि लवकरच मरतो. मादी मात्र लहानपणी खणलेले बीळच रुंदावत आयुष्यभर तेथेच राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 मध्ये ‘गायस व्हिलोसस’ जातीच्या बिळांवर नजर ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांतील 16 क्रमांकाची मादी 2016 मध्ये, 43 वर्षांची असताना मेली. तीही वार्धक्याने नव्हे, परजीवी गांधीलमाशीच्या हल्ल्यामुळे. चार दशके एका झाकणाआड काढलेला असा प्राणी कुदळीच्या एका घावाने बाहेर येतो आणि त्याची जागा भरून येण्यास तितकीच वर्षे लागू शकतात.

म्हणून जाणकार पाळक मातीतून उकरलेल्या प्रौढ मादीपेक्षा बंदिवासात जन्मलेली पिल्ले पसंत करतात आणि त्यांच्या आईबापांचा ठावठिकाणा आधी विचारतात. देश, जिल्हा, डोंगर, संकलनाचे वर्ष एवढ्या चार नोंदी चिठ्ठीवर असतील तर आज नाव न लागलेला कोळीही उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो. त्या नसतील, तर अत्यंत दुर्मीळ कोळीही शास्त्राच्या दृष्टीने अनामिकच राहतो. ठिकाण ठाऊक नसेल आणि जाती ठरत नसेल, तेव्हा चिठ्ठीवर केवळ प्रजातीचे नाव लिहून थांबावे. अंदाजाने दिलेल्या नावापेक्षा अशी अपुरी पण प्रामाणिक नोंद केव्हाही अधिक मोलाची.